लॉटरी लागली, आता जीभ गहाण ठेवायची का?

मार्च महिना संपत आला होता. पातूरच्या विहारात भीमजयंतीच्या तयारीची बैठक चालू होती. मिरवणुकीचा मार्ग कोणता, डीजे लावायचा की नाही, पुस्तकांच्या स्टॉलवर कोण बसणार, असे दरवर्षीचे वाद रंगात आले असताना माझा फोन वाजला. अमेरिकेतून आपल्याच तालुक्यातला एक पोरगा बोलत होता. "जयभीम दादा! लॉटरीत नाव लागलं माह्यं. तिसऱ्या खेपेले लागलं!" मी फोन स्पीकरवर टाकला. टाळ्या पडल्या. मागे बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईनं शेजारणीला हळूच विचारलं, "लॉटरी लागली म्हंते, मंग पैसे किती भेटले?"

सगळे हसले. मीही हसलो. पण रात्री घरी आल्यावर वाटलं, हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. बाईनं नेमका प्रश्न विचारला होता. या लॉटरीत खरोखर भेटतं काय?

चार दिवसांनी त्याचा पुन्हा फोन आला. आता आवाजात तो उत्साह नव्हता. "दादा, ग्रीन कार्डाचा अर्ज कोन्त्या रस्त्यानं करायचा ते ठरवा लागते म्हंतात. इथली पोरं म्हंतात, कंपनी सांगते ते मुकाट्यानं कर, जास्त इचारू नको. तुम्ही काय म्हंता?"

मी वकील नाही. अमेरिकेला गेलेलोही नाही. पण 'मुकाट्यानं' हा शब्द मला खटकला. आपल्या आज्या-पणज्यांनी हा शब्द फार ऐकला आहे. म्हणून हा लेख.

आधी ही लॉटरी कोणती ते समजून घ्या

आपल्याकडे 'अमेरिकेची लॉटरी' या नावाखाली दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी झाली आहे, आणि त्या खिचडीवर एजंट लोक जेवतात.

पहिली आहे डायव्हर्सिटी व्हिसा लॉटरी. १९९० च्या कायद्यानं ती आणली. जिथून अमेरिकेत कमी लोक जातात अशा देशांत जन्मलेल्यांसाठी ती आहे. मागच्या पाच वर्षांत ज्या देशातून ५० हजारांहून जास्त लोक कायमचे गेले, तो देश यादीतून बाहेर. त्यामुळे भारतात जन्मलेल्या माणसाला ती मिळत नाही. नवरा किंवा बायको पात्र देशात जन्मलेली असेल तर वाट निघते, आईवडिलांच्या जन्मदेशावरूनही एक अरुंद अपवाद आहे, पण आपल्या गावच्या पोरांना त्याचा उपयोग क्वचितच. तेव्हा 'ग्रीन कार्डची लॉटरी भरून देतो, वीस हजार टाका' असं कुणी म्हणालं तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. आणि ही लॉटरी ज्यांना लागते त्यांनाही कार्ड हातात मिळत नाही, फक्त अर्ज करण्याचा नंबर मिळतो. अमेरिकी आर्थिक वर्ष ३० सप्टेंबरला संपतं, त्याच्या आत व्हिसा पदरात पडला नाही तर नंबर बाद.

दुसरी लॉटरी एच-१बी व्हिसाची. आपल्या पोराला लागली ती ही. वर्षाला ६५ हजार, आणि अमेरिकेत मास्टर्स किंवा पीएचडी केलेल्यांसाठी आणखी २० हजार. मागणी कितीतरी जास्त, म्हणून चिठ्ठ्या. पण हा कायमच्या वास्तव्याचा परवाना नाही. हा नोकरीचा परवाना आहे. आधी तीन वर्षं, मग आणखी तीन. नोकरी गेली तर साधारण ६० दिवसांत दुसरी शोधा, नाहीतर सामान बांधा. म्हातारीला उत्तर द्यायचं तर असं की, बाई, पैसे भेटले नाहीत, रांगेत उभं राहायची परवानगी भेटली.

चिठ्ठीला जात नसते, पण चिठ्ठी टाकणाऱ्याला असते

लॉटरीबद्दल आपल्या शिकलेल्या पोरांचं एक आवडतं वाक्य आहे: "इथं जात चालत नाही, कॉम्प्युटर नाव काढतो." कॉम्प्युटर नाव काढतो हे खरं. पण चिठ्ठी कोण टाकतो? पोरगा नव्हे, कंपनी टाकते. कंपनीपर्यंत कोण पोचतो? ज्याची ओळख आहे, ज्याचा मामा, मावसभाऊ, कॉलेजचा सीनियर आधीच तिथे बसला आहे. रेफरल म्हणतात त्याला. शब्द इंग्रजी, पण चाल आपल्या ओळखीची आहे.

ही ओळख आली कुठून तेही पाहा. १९२३ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात भगतसिंग थिंड यांचा खटला चालला. पंजाबातला हा शीख माणूस पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात होता. तेव्हा नागरिकत्व गोऱ्यांना आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांना मिळत असे. थिंड यांच्या बाजूनं युक्तिवाद झाला तो असा की, आम्ही उच्च जातीचे आर्य आहोत, खालच्या लोकांशी आमचं रक्त मिसळलेलं नाही, म्हणून आम्हाला गोरे समजा. म्हणजे सातासमुद्रापार, वंशभेदाच्या दारात उभं राहूनही पुढे केली ती जातच! कोर्टानं ते मानलं नाही. पुढे १९४६ च्या कायद्यानं भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क मिळाला, पण वर्षाला कोटा किती? शंभर. खरं दार उघडलं १९६५ च्या कायद्यानं. त्यात शिक्षण आणि कौशल्याला जागा होती. १९६५ साली आपल्या देशात डॉक्टर, इंजिनिअर कोण होते हे मी सांगायला नको. पहिल्या पिढीनं दुसरीला बोलावलं, दुसरीनं तिसरीला नोकरी दिली. आपली पोरं या साखळीत आता कुठं एक कडी होऊ पाहतात.

आणि आपली कडी बसायच्या वेळेलाच दाराचा भाव वाढवला जातो. १९ सप्टेंबर २०२५ ला ट्रम्प यांनी फतवा काढला की अमेरिकेबाहेरच्या माणसासाठी नवा एच-१बी अर्ज करायचा तर कंपनीनं एक लाख डॉलर भरावेत. तिथेच शिकून व्हिसा बदलणाऱ्यांना त्यातून सूट मिळाली, म्हणून आपला पोरगा वाचला. मग नियम आला की चिठ्ठ्याही सारख्या नाहीत, वरच्या पगाराच्या पातळीवाल्याच्या चार, तळाच्या पातळीवाल्याची एक. पहिल्या नोकरीवर लागलेला, ओळखीपाळखीशिवाय आलेला पोरगा कोणत्या पातळीवर असतो? तेव्हा 'लॉटरीत सगळे समान' हे आता त्यांचा कायदाही म्हणत नाही.

जन्मावरून रांग

आता ग्रीन कार्डाची रांग. नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण १ लाख ४० हजार ग्रीन कार्डं मिळतात, बायकापोरं धरून. कोणत्याही एका देशाला त्यातला सात टक्क्यांच्या वर वाटा नाही. लहानशा देशाला जी मर्यादा तीच भारताला. आणि देश ठरतो तो तुमच्या जन्मस्थळावरून, नागरिकत्वावरून नव्हे. पातूरला जन्मलात तर उद्या कॅनडाचे नागरिक झालात तरी रांग भारताचीच.

जन्म कुठं झाला यावरून माणसाची जागा ठरवणारा नियम आपल्याला नवा नाही. जात आणि ही रांग एक नव्हे, तसं म्हणणं जातीच्या यातनांचा अपमान होईल. पण आयटीतले जे लोक आरक्षणाला नावं ठेवत 'मेरिट, मेरिट' करतात, ते या रांगेत उभे राहिले की जन्मावरचा अन्याय म्हणजे काय ते त्यांना बरोबर कळतं. कळल्यावरही शेजारी उभ्या असलेल्या माणसाची जात विचारायची सवय मात्र जात नाही.

रांग किती लांब? २०२५ च्या मध्यावर भारतीयांच्या ईबी-२ आणि ईबी-३ या दोन्ही वर्गांत २०१३ साली अर्ज केलेल्यांचे नंबर चालू होते. आज अर्ज करणाऱ्यानं हिशेब स्वतः करावा. मूल २१ वर्षांचं झालं की आईबापाच्या अर्जातून ते बाहेर पडण्याची वेळ येते. तिथे जन्मलेल्या मुलाचा प्रश्न नाही, पण इथून कडेवर नेलेल्या लेकराचा आहे.

मग रस्ता कोणता?

रस्ते असे आहेत. नेहमीचा रस्ता कंपनीचा. कंपनी आधी श्रम खात्याकडून दाखला घेते की या जागेला लायक अमेरिकी माणूस मिळाला नाही. त्याला पर्म म्हणतात. मग आय-१४० हा अर्ज करते. जागेला मास्टर्स लागत असेल, किंवा पदवी आणि पाच वर्षांचा अनुभव, तर ईबी-२. नुसती पदवी पुरत असेल तर ईबी-३. दोन्ही रांगांच्या तारखा मागेपुढे होतात. २०२० च्या शेवटी ईबी-३ पुढे गेली तेव्हा हजारो लोकांनी वरच्या वर्गातून खालच्यात अर्ज केले. तेव्हा ईबी-२ म्हणजे प्रतिष्ठा आणि ईबी-३ म्हणजे कमीपणा, हे खूळ डोक्यातून काढा. आपण तरी वर्गाच्या नावावरून प्रतिष्ठा मोजू नये.

दुसरा रस्ता स्वतःचा अर्ज स्वतः करण्याचा. संशोधन, आरोग्य, शेती, पर्यावरण अशा विषयात ठोस काम असेल तर ईबी-२ मध्येच 'राष्ट्रीय हित' या सबबीवर कंपनीशिवाय अर्ज करता येतो. रांग तीच राहते, एक दिवसही कमी होत नाही. पण अर्ज तुमच्या मालकीचा होतो. त्याहून वरचं काम असेल तर ईबी-१ मधला असाधारण क्षमतेचा वर्ग आहे. तिथली रांग लहान, पण पुरावे भक्कम लागतात.

शेवटचा टप्पा नंबर लागल्यावरचा. तिथेही दोन वाटा आहेत. अमेरिकेत राहूनच आय-४८५ भरायचा, किंवा मुंबईच्या वकिलातीत मुलाखत द्यायची. डायव्हर्सिटी लॉटरी लागलेल्यांपुढेही हाच पेच असतो. तिथे राहून अर्ज केला तर तो प्रलंबित असतानाच कामाचा स्वतंत्र परवाना आणि प्रवासाची परवानगी मागता येते, आणि नोकरीच्या वर्गात १८० दिवस उलटले की त्याच प्रकारच्या दुसऱ्या नोकरीत जाता येतं. मुंबईची वाट घेतली तर यातलं काही मिळत नाही, पण घरची माणसं इथेच असतील तर ती सोयीची पडू शकते.

लोक हे रस्ते निवडताना विचारतात, लवकर कोणता, स्वस्त कोणता. मी तिसरा प्रश्न विचारतो. कोणत्या रस्त्यावर तोंड उघडं ठेवता येतं?

खरा प्रश्न तोंडाचा आहे

२०२० च्या जूनमध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या विभागानं सिस्को कंपनीवर आणि तिच्या दोन भारतीय मॅनेजरवर खटला भरला. आरोप असा की एका दलित इंजिनिअरला जातीवरून वेगळी वागणूक दिली, तो आरक्षणातून शिकला हे सहकाऱ्यांत उघड केलं गेलं. कंपनीनं आरोप नाकारले. २०२३ मध्ये दोघा मॅनेजरवरचा दावा राज्यानंच मागे घेतला. कोर्टात काय टिकलं आणि काय नाही हा भाग बाजूला ठेवा. पण अमेरिकेच्या सरकारी कागदावर 'जात' हा शब्द आला. २१ फेब्रुवारी २०२३ ला सिएटल शहरानं जातिभेदावर बंदी घातली. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानंही एसबी ४०३ हे विधेयक मंजूर केलं. त्याला विरोध करायला कोण उभं राहिलं, हे तुम्हाला माहीत आहे. ७ ऑक्टोबर २०२३ ला गव्हर्नर न्यूसम यांनी त्यावर नकाराधिकार वापरला.

आता विचार करा. ज्याचा पर्म, ज्याचा आय-१४०, ज्याच्या बायकोचा कामाचा परवाना, ज्याच्या लेकराचं वय, हे सगळं एका मॅनेजरच्या सहीवर टांगलेलं आहे, आणि तो मॅनेजर जेवताना सहज विचारतो, "पूरा नाम क्या है आपका? गाँव कौनसा?" तो पोरगा काय करेल? आडनाव गिळेल. १४ एप्रिलला सुट्टी टाकताना कारण लिहिणार नाही. घराच्या भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो व्हिडिओ कॉलच्या चौकटीबाहेर सरकवेल. मी त्याला भेकड म्हणणार नाही. त्याच्या पाठीवर शैक्षणिक कर्ज आहे, त्या कर्जापायी पातूरजवळच्या त्याच्या गावातलं घर बँकेत गहाण आहे, आई अजून दुसऱ्याचं सोयाबीन सोंगायला जाते. राजर्षी शाहू परदेश शिष्यवृत्तीच्या जागा अख्ख्या महाराष्ट्राला ७५. त्यात त्याचा नंबर लागला नाही, म्हणून कर्ज. घर आधीच गहाण आहे. प्रश्न एवढाच की जीभसुद्धा गहाण ठेवायची का?

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. आपल्या पोरानं रस्ता निवडावा तो कंपनीवरचं अवलंबन जिथे लवकरात लवकर सैल होतं असा. नोकरी घेतानाच विचारा, पर्म कधी सुरू करणार? ते लेखी घ्या. आय-१४० मंजूर होऊन १८० दिवस झाले की पुढे कंपनीनं तो मागे घेतला तरी तुमची रांगेतली तारीख टिकते आणि सहा वर्षांनंतरही एच-१बी वाढवून मिळण्याचा आधार राहतो. त्या मंजुरीची प्रत आपल्याजवळ ठेवा, 'वकिलाकडे आहे' म्हणून गप्प बसू नका. कंपनीचा वकील आधी कंपनीचा असतो, एकदा तरी स्वतःच्या पैशानं दुसऱ्या वकिलाला कागद दाखवा. काम त्या तोडीचं असेल तर कंपनीच्या अर्जाबरोबरच स्वतःचाही अर्ज करा, दोन्ही करता येतात. आणि तारीख आली त्या दिवशी तुम्ही अमेरिकेत असाल तर आय-४८५ तिथेच भरा.

आणि कागद आजपासून जमवा. आपल्याकडच्या कित्येकांची जन्मतारीख मास्तरांनी १ जून किंवा १ जुलै लिहिली. जन्माची नोंद ग्रामपंचायतीत नाही, असली तर बाळाचं नाव नाही. आजोबांनी आडनाव बदललेलं, बापाच्या टीसीवर एक, पोराच्या पासपोर्टवर दुसरं. जन्माचा दाखला नसेल तर नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला, शाळेचे कागद आणि वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं लागतात. प्रतिज्ञापत्र देणारी माणसं म्हातारी होत चालली आहेत. हे काम नंबर लागल्यावर करायचं नसतं.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप तिकडच्या मित्रांचा: "आधी पोट, मग चळवळ. कार्ड हातात येऊ दे, मग बोलू." मला हे पटत नाही, कारण रांग मोठी आहे. पंचवीस वर्षं गप्प राहिलेला माणूस सव्विसाव्या वर्षी बोलेल असं वाटतं? तोवर त्याची पोरं मोठी झालेली असतात आणि बापानं काय लपवलं तेही त्यांना माहीत नसतं. मी रोज भांडा म्हणत नाही. वेळ पाहून बोला, पुरावे ठेवून बोला, संघटनेमार्फत बोला. पण बोलता येईल अशी जागा आधी तयार करा. ती जागा म्हणजेच हे अर्जाचे रस्ते.

दुसरा आक्षेप इकडच्या कार्यकर्त्यांचा: "बाबासाहेब परत आले, तुम्ही तिकडं कायमचं राहायचं म्हणता?" बाबासाहेबांचं नाव घेऊन बोलायचं तर सगळा इतिहास घ्यावा. १९१३ साली ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. बदल्यात दहा वर्षं संस्थानची नोकरी करण्याचा करार होता, म्हणजे तेही बांधलेले होते. पण त्या बांधलेल्या काळातच, मे १९१६ मध्ये, न्यूयॉर्कमध्ये त्यांनी भारतातल्या जातींवरचा निबंध वाचला. तोंड गहाण ठेवलं नाही. १९१७ ला परतले, बडोद्यात राहायला जागा मिळेना, अपमान करून हुसकावलं गेलं. १९२० ला जमवलेल्या आणि उसन्या पैशावर ते पुन्हा लंडनला गेले आणि अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं केलं. ते कुठं राहिले एवढंच पाहू नका, कोणत्या अटींवर राहिले ते पाहा. परत येऊन तहसील कचेरीत हाजी हाजी करणारा आणि तिकडे राहून आडनाव लपवणारा, दोघांत फरक काय?

मात्र देणं चुकत नाही. १९५६ साली आग्र्याच्या भाषणात बाबासाहेबांनी शिकलेल्यांबद्दलची खंत बोलून दाखवली होती. ती खंत आज व्हिसा घेऊन फिरते आहे. वर्षातून एकदा विहाराला पंखा दान करून ती मिटत नाही. सवर्णांच्या घरी ही सगळी माहिती जेवणाच्या ताटावर मिळते. आपल्या पोराला ती एजंटकडून विकत घ्यावी लागते. जे पोचले त्यांनी महिन्यातून दोन तास फोनवर मागच्यांना द्यावेत. रेज्युमे तपासावा, रेफरल द्यावा, शिष्यवृत्तीच्या बाँडमधल्या अटी वाचून समजावून सांगाव्यात. अमेरिकेत आंबेडकरी संघटना आहेत, मेरीलँडमध्ये बाबासाहेबांचा पुतळा १४ ऑक्टोबर २०२३ ला उभा राहिला. पुतळ्यापर्यंत पोचलो, आता पुतळ्याखाली बसून एकमेकांचे अर्जही तपासू.

मी त्या पोराला जे सांगितलं ते थोडक्यात असं: पर्मची तारीख लेखी माग. वेगळा वकील एकदा गाठ. ईबी-३ ला लाजू नको. स्वतःच्या संशोधनाचे कागद जमव, तुझं काम पाण्यावरचं आहे, ते कुणाच्याही हिताचं ठरतं. कर्जाचे हप्ते आधी फेड, घर सोडव, म्हणजे परत यावंसं वाटलं तर यायला घर असेल. परतीचं दार उघडं असलं की माणूस मॅनेजरला कमी भितो.

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "दादा, यंदा चौदा एप्रिलची सुट्टी टाकतो. कारणाच्या रकान्यात काय लिहू?"

मी म्हटलं, "जयंती लिही. स्पेलिंग बरोबर लिही."

या वर्षी जयंतीच्या पुस्तकांच्या स्टॉलशेजारी आम्ही एक टेबल जास्तीचं मांडणार आहोत. जन्मदाखले, टीसी, नावातली तफावत, शिष्यवृत्तीचे अर्ज, परदेशी शिक्षणाची माहिती. फी नाही. डीजेचा वाद अजून मिटलेला नाही, पण टेबलाला कुणी विरोध केला नाही. ज्या म्हातारीनं पैसे किती भेटले विचारलं, ती नातवाचे कागद घेऊन पहिली येणार आहे.

जयभीम.